हिरव्या दाराची किल्ली माझ्या पोटात होती

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि थोड्याच वेळात मी अगदी नवा होणार आहे. ऐकायला किती छान वाटतं ना? मला मात्र धडकी भरली आहे. कारण मला नवं करायचं म्हणजे माझ्यातलं सगळं पुसून टाकायचं. फोटो, आवाज, नंबर, आठवणी, सगळं! मी आत्ता एका दुकानाच्या काउंटरवर चार्जिंगच्या वायरीला जोडलेला पडलो आहे. बॅटरी पूर्ण भरली की माझी पाटी कोरी. म्हणून म्हटलं, तोवर तुम्हाला सगळं सांगून टाकावं. नंतर विचारलंत तर मी तुम्हाला ओळखणारसुद्धा नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणसुद्धा परवानगी घेऊन आत यायचा. टोपी आणि हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्यावर काच बसवली, मला दिव्याखाली धरलं आणि तिरकं करून पाहिलं. "हं, गेलास बाबा पास होऊन," असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग खोका, अंधार, ट्रक, पुन्हा अंधार. खोका उघडला तेव्हा समोर एक मोठ्या मिशांचा चेहरा होता आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारा एक छोटा, डोळे विस्फारलेला चेहरा.

मिशा होत्या चावीवाल्यांच्या. बाजारातल्या चौकात त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान. दुकान कसलं, कपाटच ते! एक माणूस आत उभा राहिला की दुसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. भिंतीभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, म्हणजे अजून दाते न पाडलेल्या, कुठल्याच दाराच्या नसलेल्या. छोटा चेहरा त्यांच्या मुलीचा. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेलीच नव्हती.

चावीवाल्यांचे हात कायम पितळेच्या किसाने माखलेले. माझ्या काचेवर बोट टेकवलं की काच खरखरायची. म्हणून ते कधीच काही लिहीत नसत. मला तोंडाजवळ धरायचे आणि सरळ बोलून तो आवाजच पाठवून द्यायचे. "हां बेकरीवाले, तुमच्या शटरची किल्ली झाली, घेऊन जा!" असं दणदणीत. लिहायचं काम पडलंच तर भिंगरीचं.

आणि माझं खरं काम काय होतं माहीत आहे? त्याचा मला भारी अभिमान होता हो! लोक किल्ल्या हरवतात. मग कुलूप तोडा, दार खरवडा, केवढा उपद्व्याप! चावीवाल्यांनी त्यावर एक युक्ती काढली. ज्याला हवं असेल त्याची किल्ली ते चौकटी आखलेल्या एका फरशीवर ठेवायचे, शेजारी पोलादी मोजपट्टी आणि वरून मी फोटो काढायचो. पुढे ती किल्ली हरवली तर फोटोवरून दुसरी कापायची आणि दारापाशी जाऊन कानशीने शेवटचा हात मारायचा. की झालं! प्रत्येक फोटोखाली भिंगरी लिहून ठेवायची की ही कुणाची, कुठली. "दवाखान्याचं मागचं दार." "बेकरीचं शटर." एका फोटोखाली तिने खूप प्रेमाने लिहिलं होतं, "हिरवं दार, गल्लीचं टोक. मावशी एकट्याच असतात. ऐकू कमी येतं, दार जोरात वाजवावं."

ती ओळ लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नव्हती.

चावीवाले छाती फुगवून सांगायचे, "अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत आणि एकही किल्ली माझ्याकडे नाही!" आणि माणूस खरोखरच पक्का. कुणी किल्ली करायला आलं की आधी ते तीन प्रश्न विचारायचे. तू कोण? ही किल्ली कशाला हवी? घर तुझंच कशावरून? एकदा तर त्यांनी स्वतःच्या मेहुण्यालाच परत पाठवलं होतं. तो बिचारा म्हणाला, "दाजी, अहो मी!" तर हे म्हणतात, "तू तूच आहेस, ते दिसतंय. पण ते घर तुझं आहे का, ते सांग."

असा माणूस! आणि माझ्यावर मात्र कुलूप नाही. ना पासवर्ड, ना बोटाचा ठसा, काही म्हणजे काही नाही. काचेवरून बोट फिरवलं की मी उघडा. भिंगरी कितीदा म्हणाली, "बाबा, निदान चार आकडे तरी टाका ना!" तर ते हसायचे. "अगं, दिवसभर लोकांची कुलपं उघडतो. आता स्वतःच्या खिशातलंही उघडत बसू? आणि चावीवाल्याच्या खिशात हात घालायची कुणाची हिंमत आहे?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खिशात हात कुणी घातलाच नाही, मित्रांनो. तो दुसऱ्याच वाटेने आला.

चावीवाल्यांनी कोऱ्या किल्ल्यांचा एक खोका मागवला होता आणि तो येत नव्हता. ते रोज वाट बघत होते. अशात मला एक निरोप आला, "तुमचं पार्सल पत्त्याअभावी अडकलं आहे. सोडवण्यासाठी हे ॲप घ्या." चावीवाल्यांनी टाळी वाजवली. "आला रे आला खोका!" आणि त्यांनी बोट टेकवलं. नवं ॲप दारात उभं राहिलं आणि एकेक मागू लागलं. कॅमेरा वापरू का? हो. फोटो पाहू का? हो. निरोप वाचू का? हो. माइक ऐकू का? पडद्यावर जे चालतं ते सगळं बघू का? हो, हो, हो बाबा, पण खोका दे!

तीन प्रश्न विचारणाऱ्या माणसाने त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

ॲप आत आलं आणि त्याचं चित्र पडद्यावरून नाहीसं झालं. चावीवाल्यांना वाटलं, बिघडलं असेल. त्यांनी मला खिशात टाकलं आणि गुणगुणत यंत्र सुरू केलं. पण मला कळलं. माझ्या आत कुणीतरी राहायला आलं होतं.

ते कसं वाटतं, सांगू? तुम्ही घरात एकटे आहात आणि आतल्या खोलीत कपाटाचं दार हळूच उघडल्याचा आवाज येतो. तसं. तो भाडेकरू बोलत नव्हता. तो फक्त बघत होता. मी टेबलावर पालथा असताना तो माइक सुरू करायचा आणि ऐकत बसायचा. भिंगरी जांभया देत अभ्यास करायची, चावीवाले बेकरीवाल्यांशी कुणाचं कुलूप जास्त मजबूत यावर वाद घालायचे, आणि माझ्या आतून कुणीतरी तो एकेक शब्द दूर कुठेतरी पाठवत राहायचं. भिंतीला कान असतात म्हणे. इथे तर कानच खिशात घालून हिंडत होते!

मग त्याला फोटो सापडले.

त्याने एकेक किल्ली उघडली. मोठी करून पाहिली, पट्टीवरचे आकडे पाहिले, खालची ओळ वाचली. दवाखाना. बेकरी. हिरव्या दारापाशी तो थांबला. एकट्याच असतात. ऐकू कमी येतं. तो तिथे बराच वेळ थांबला.

मला ओरडायचं होतं, पण फोनला ओरडता येत नाही. त्याला फक्त तापता येतं. मग मी तापलो! एवढा तापलो की चावीवाल्यांनी खिशातून काढून मला फुंकर घातली. माझी बॅटरी भराभर उतरायची. दिवसाचं इंटरनेट जेवणाच्या आत संपायचं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागायचा. तो ठिपका म्हणजे माझी हाक होती. कॅमेरा किंवा माइक चालू असला की तो आपोआप लागतो.

भिंगरीने पाहिला. "बाबा, हा ठिपका कसला? तुम्ही तर कुणाशी बोलत नाही आहात."

"असेल काहीतरी. नवीन फॅशन."

"फोनमध्ये फॅशन?"

"तुझ्या केसांत असते, तर फोनमध्ये का नाही?"

शेजारच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करणारी ताई होती. तिने मला हातात घेतलं आणि चटका बसल्यासारखं खाली ठेवलं. "काका, हा जाम तापलाय. ठेवून जा, आत काय चाललंय बघते."

"तुला नवा विकायचाय मला, कळतं सगळं!"

"नवा नका घेऊ हो, पण हा तरी बघू द्या."

"बघू पुढच्या आठवड्यात. म्हातारा झालाय तो, बाकी काही नाही."

म्हातारा! मित्रांनो, आजारी माणसाला म्हातारा म्हटलं की सगळ्यांचं काम सोपं होतं.

आणि मग भाडेकरूने चावीवाल्यांच्या नावाने लिहायला सुरुवात केली. मावशींना निरोप गेला, "नमस्कार मॅडम. आपल्या कुलपाला तेल घालायचे आहे. आपण घरी कधी नसता?"

मावशींचं उत्तर लगेच आलं. त्या पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. कुणाची हाक अनुत्तरित ठेवायची नाही ही त्यांची जुनी सवय. "गुरुवारी दुपारी डोळे तपासायला जाते आहे. चारपर्यंत घरी कुणी नाही. पण मी नसताना कसं घालणार तेल?"

"काळजी नसावी," असं त्याने लिहिलं. आणि माझ्याकडचे तिन्ही निरोप पुसून टाकले. ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवार उजाडला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. मी चावीवाल्यांच्या खिशात होतो, अगदी त्यांच्या छातीला चिकटून. ते मजेत शीळ घालत कानस चालवत होते. शाळा लवकर सुटली म्हणून भिंगरी दप्तरासकट दुकानाच्या पायरीवर बसली होती. आणि समोरून काळा चष्मा लावलेल्या मावशी येताना दिसल्या.

"अहो चावीवाले!" कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. मावशी तर चौकाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा बोलायच्या. "म्हटलं, जाता जाता किल्लीच देऊन जावी तुम्हाला! घाला काय तेल घालायचं ते! आता चारपर्यंत घरी कुणी नाही!"

माझ्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका लागला.

"कसलं तेल, मावशी?"

"आता विसरलात? तुम्हीच तर लिहिलंत! आणि काय हो, मला एकदम मॅडम? मला वाटलं, माझ्यावर रागावलात की काय!"

"मी लिहिलं?" चावीवाल्यांनी स्वतःच्या पितळी बोटांकडे पाहिलं. "मावशी, मी जन्मात कधी कुणाला लिहिलंय का?"

मावशींनी आपला फोन पुढे केला. तिथे सगळं होतं. नमस्कार मॅडम. काळजी नसावी. चावीवाल्यांनी घाईघाईने मला खिशातून काढलं आणि ते निरोप शोधले. माझ्याकडे काहीच नव्हतं. "भिंगरे, हे बघ गं, इथे तर..."

भिंगरी माझ्याकडे बघत होती. माझ्या कोपऱ्याकडे. कुणी फोटो काढत नव्हतं, कुणी फोनवर बोलत नव्हतं, आणि ठिपका जळत होता.

तिने उडी मारून बाबांच्या तोंडावर हात ठेवला. सरळ दाबलाच! दुसऱ्या हाताने तिने मला ओढून घेतलं, वरून पडदा खाली खेचला आणि विमानाच्या चित्रावर बोट टेकवलं. ठिपका तसाच जळत राहिला. माझ्या आतला तो अजूनही ऐकत होता, पण बाहेर जायची वाट बंद झाली होती. डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा तो माझ्यात भणभणत राहिला.

"आता बोला," भिंगरी कुजबुजली. "बाबा, यातून कुणीतरी आपलं सगळं ऐकत होतं. किल्ल्यांचे फोटोसुद्धा यातच आहेत. मावशींचासुद्धा."

चावीवाल्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. त्यांनी दुकानही बंद केलं नाही, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं दार सताड उघडं टाकलं आणि धावले.

गल्ली दुपारची होती, म्हणजे सुस्त आणि रिकामी. दोरीवर कपडे वाळत होते. एका खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता. मी भिंगरीच्या मुठीत होतो. तिचा तळवा ओला झाला होता. टोकाशी हिरवं दार दिसलं.

दार बंद होतं.

पण कुलपात किल्ली होती. नवी कोरी, पिवळीधमक. तिच्या कडीला आणखी किल्ल्या लटकत होत्या. आणि मित्रांनो, तो अख्खा जुडगा अजून हलत होता.

पलीकडच्या बोळात पावलं वाजली, घाईची, लांब जाणारी. मग तीही थांबली. चावीवाले बोळाच्या तोंडाशी गेले आणि तसेच परत आले. तिथे फक्त एक पालथी बादली होती, गरगरा फिरणारी.

त्यांनी किल्ली हलवून पाहिली. ती आत गेली होती, पण फिरत नव्हती. त्यांनी ती ओढून काढली आणि तळहातावर धरली. "सगळे दाते बरोबर आहेत," ते म्हणाले, "फक्त शेवटचा जरा उंच राहिलाय. मावशींचं कुलूप जुनं आहे, झिजलंय. ती झीज फोटोत दिसत नाही. ती हाताला लागते." मग त्यांनी जुडग्यातली दुसरी किल्ली धरली. "ही दवाखान्याची." तिसरी धरली आणि तिच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "आणि ही बेकरीची. भिंगरे, हे सगळं मी बनवलंय गं. मी न बनवता बनवलंय."

इतक्यात धापा टाकत मावशी पोहोचल्या. त्यांना सगळं मोठ्याने सांगावं लागलं. ते सांगताना भिंगरी रडायला लागली. "मावशी, तुम्ही एकट्याच असता असं फोटोखाली मीच लिहिलं होतं. जोरात दार वाजवावं म्हणून लिहिलं होतं हो!"

मावशींनी तिला जवळ घेतलं. "रडतेस काय वेडे! इतकी वर्षं मी एकटी आहे, एवढी चौकशी कुणी केली होती माझी? चोराने का होईना, केली!" त्या हसल्यासुद्धा. पण चष्मा पुसताना त्यांच्या हातातून तो दोनदा पडला आणि त्या दिवशी त्या डोळे तपासायला गेल्याच नाहीत. हिरव्या दाराला नवं कुलूप लागेपर्यंत त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

त्यानंतर काय काय झालं म्हणून सांगू! मोबाईलवाल्या ताईने मला तपासलं आणि लपून बसलेला भाडेकरू शोधून काढला. "काका, मी सांगत होते ना..." असं ती म्हणाली आणि चावीवाल्यांचा चेहरा पाहून पुढचं गिळून टाकलं. मग ती भराभर कामाला लागली. "यातून आता काहीच करायचं नाही. माझ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलायचे. आधी ईमेलचा, कारण त्याच्या हातात ईमेल असलं तर तो बाकीचे परत मिळवेल. मग बँकेला कळवा. आणि तुमच्या फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे नंबर आहेत त्या सगळ्यांना सांगा, की माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका." सायबर पोलिसांकडे तक्रार झाली. त्यांनी तो जुडगा ठेवून घेतला, माझ्यातून त्यांना हवं ते उतरवून घेतलं आणि सांगितलं, "आता हा पूर्ण पुसून टाका."

चावीवाले मात्र दारोदार हिंडले. ज्या ज्या किल्लीचा फोटो माझ्यात होता त्या प्रत्येक दारापाशी गेले. जो माणूस छाती फुगवून सांगायचा, तो मान खाली घालून सांगत होता, "तुमच्या किल्लीचा फोटो माझ्याकडून बाहेर गेलाय. कुलूप बदलायला आलोय."

बेकरीवाल्यांनी हात कमरेवर ठेवले. "म्हणजे आमची किल्ली आता गावभर फिरतेय?"

"हो."

"आणि आम्हाला विचारायचात, घर तुमचंच कशावरून!"

चावीवाले खाली बसले आणि शटरचं कुलूप खोलू लागले. थोड्या वेळाने बेकरीवाल्यांनीच वरून बॅटरीचा उजेड धरला.

जवळजवळ सगळी दारं झाली. एक राहिलं. त्या घरातली माणसं परगावी गेली आहेत आणि त्यांचा नंबर लागत नाही. चावीवाले रोज जाऊन त्या दाराकडे बघून येतात. आत्ताही तिकडेच गेले आहेत.

मित्रांनो, माझी बॅटरी भरत आली. जायच्या आधी एवढंच ऐका. मला पुसलं म्हणजे मी स्वच्छ होईन, पण माझ्यातून जे गेलं ते परत येणार नाही. ते फोटो अजूनही कुणाकडे तरी आहेत. तो कोण, कुठे, मला माहीत नाही. तुमच्या फोनच्या पोटातही कुणाच्या ना कुणाच्या घराची किल्ली असतेच. आजीचा पत्ता असतो, मैत्रिणीचं गुपित असतं, धाकट्या भावाच्या शाळेचा फोटो असतो. म्हणून आम्हाला कुलूप लावा. आम्ही उगाच तापलो, उगाच थकलो, आमचा ठिपका कारण नसताना लागला, तर म्हातारा म्हणून सोडून देऊ नका. आणि कुणीही अनोळखी ॲप दारात येऊन काही मागू लागलं की चावीवाल्यांचे प्रश्न विचारा. तू कोण? हे कशाला हवं? तुला आत का घेऊ?

भिंगरी आली. तिने मला वायरीतून सोडवलं. "बाबा म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही, तू पूस," असं ताईला सांगते आहे ती. आता ती माझ्याकडे बघते आहे. तिच्या नाकावर शाई लागली आहे आणि तिला ते माहीतच नाही. पडद्यावर प्रश्न आला आहे, "सर्व काही पुसायचे? हे परत आणता येणार नाही."

तिचं बोट खाली येतं आहे. मित्रांनो, पुन्हा जागा झालो की मी पहिला शब्द बोलेन तो "नमस्कार". नाकावर शाई लागलेल्या एका मुलीला मी तो अगदी परक्यासारखा म्हणेन. पण भिंगरीने ताईला आधीच बजावून ठेवलं आहे, "तो नमस्कार म्हणाला ना, की पहिल्यांदा त्याला कुलूप लावायचं. बाकीची ओळख मग."